उंबऱ्यापासून दहा पावलं

डहाणूहून पूर्वेला गंजाड-सायवनच्या बाजूला गेलं, किंवा तलासरीच्या कुठल्याही पाड्यावर कुडाच्या घराच्या मागच्या अंगाला वळलं, की एक ठरलेलं दृश्य दिसतं. अंघोळीसाठी टाकलेला एक सपाट दगड, त्याला कारवीचा किंवा पेंढ्याचा आडोसा, आणि त्या दगडावरून ओघळलेलं पाणी जिथे जिरतं नेमक्या त्या जागी केळीचं बेट. केळीच्या सावलीत अळू माजलेलं असतं, बुडाशी चुलीतली राख आणि भाजीची देठं पडलेली असतात. मे महिन्यात भोवतालचा माळ पार करपून गेलेला असतो, तरी तेवढा तुकडा ओला आणि हिरवा राहतो. घरातल्या माणसांनी अंग धुतलं, भांडी घासली, एवढ्यावरच तो जगतो. जेवायला पान, पावसाळ्यात अळूचं फतफतं, अधूनमधून एखादा घड आणि दाराशी चिखल नाही, इतकं सगळं त्या चार हात जागेतून निघतं.

निसर्गाच्या ठेवणीला धरून आखलेल्या अशा बाग-शेतीला आज पर्माकल्चर म्हणतात. 1978 साली टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक लिहिलं, 1987 मध्ये मॉलिसन भारतातही शिकवायला आले, आणि तेव्हापासून पर्माकल्चर हा शब्द आपल्याकडे हळूहळू रुजला. आज तो बहुधा अभ्यासवर्ग, आराखडे आणि विकत आणायच्या वस्तूंच्या यादीसकट भेटतो. घरी बाग करायची म्हटली की माणूस आधी रोपवाटिकेत जातो, मग मातीच्या गोणी आणतो, मग कुंड्या. माझं म्हणणं असं की ही सुरुवात उलट्या टोकाने होते. घराभोवती पर्माकल्चर सुरू करायचं तर काय आणायचं याच्या आधी घरातून आणि अंगणातून रोज काय बाहेर जातं ते पाहावं. पाणी जातं, पालापाचोळा जातो, राख जाते, खरकटं जातं. ते जागच्या जागी थांबवलं की लागवड कुठे आणि कशाची करायची याची बरीचशी उत्तरं जमीनच देते. डहाणू-तलासरीचा हा पट्टा या म्हणण्याची परीक्षा घ्यायला फार चांगला, कारण इथे निसर्ग चार महिने हात सैल सोडून देतो आणि आठ महिने मूठ मिटून बसतो.

आधी पाण्याचं पाहू. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशोबाने पाचशे चौरस फुटांच्या साध्या छपरावर एका पावसाळ्यात नव्वद हजार लिटरांच्या घरात पाणी पडतं. तलासरीतल्या ज्या घरातली बाई एप्रिलमध्ये डोक्यावरून हंडा आणते, त्याच घराच्या छपरावर हे पाणी पडून गेलेलं असतं. ते सगळं साठवायला टाकी बांधावी असं सांगणं सोपं आहे, पण टाकीला पैसे लागतात. जमिनीला लागत नाहीत. पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन अंगणात उभं राहावं आणि पागोळ्यांचं पाणी कुठून निघून कुठे पळतं ते बघावं. घराच्या वरच्या अंगाला उताराला आडवा एक उथळ चर, पाणी पळतं तिथे दगडांची एक ओळ, आणि पागोळीच्या खाली धार मोडायला थोडा पेंढा, एवढ्याने पळणारं पाणी चालायला लागतं आणि चालणारं मुरायला लागतं. त्या चराच्या खालच्या काठावर जे लावाल ते दिवाळीनंतरही बरेच दिवस तग धरतं, कारण त्याच्या मुळांखाली ओल असते.

पालापाचोळ्याची गोष्ट याहून अवघड, कारण ती आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेशी भिडते. डहाणू, घोलवड, बोर्डी हा चिकूचा मुलूख. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही झाडं मुळात मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, पण इथे ती रायणीच्या खुंटावर बांधलेली असतात, म्हणजे पाहुण्या झाडाला जमिनीत धरून ठेवणारं मूळ आपल्याकडचं असतं. सलग चिकू लावलेली वाडी दिसायला सुंदर असते, गर्द सावली आणि खाली झाडून काढलेली जमीन. ही झाडलेली जमीनच मला खटकते. झाडाने वर्षभर जमिनीतून जे घेतलं ते पानांच्या रूपाने परत दिलं, आणि आपण ते गोळा करून काडी लावली. मग तेच गोणीतून विकत आणलं. चिकूच्या वाड्यांना गेल्या काही वर्षांत बी पोखरणाऱ्या अळीने आणि पावसाळ्यातल्या बुरशीच्या फळगळीने जेरीस आणलं. त्याला कारणं अनेक आहेत. पाऊस बदलला, झाडं जुनी होऊन त्यांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या, खाली हवा खेळेना. रोगट फळं मात्र गोळा करून नष्टच करावी लागतात, ती आच्छादनात ठेवून चालत नाहीत, आणि कोसबाडच्या टेकडीवरचं कृषी विज्ञान केंद्र असो की एखादा जुना वाडीवाला, हे कुणीही सांगेल. पण मैलोन्मैल एकच झाड उभं केलं की त्याच्या शत्रूलाही मैलोन्मैल जेवण वाढलेलं असतं, हेही तितकंच खरं.

याच चिकू-नारळाच्या पट्ट्यात, महाराष्ट्राची हद्द ओलांडून काही किलोमीटरवर गुजरातच्या उंबरगाव तालुक्यातलं देहरी गाव आहे. तिथे भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी. सावे 1922 साली जन्मले, 2015 मध्ये गेले. आधी शाळामास्तर, मग शेतकरी. सुरुवातीला रासायनिक खतं वापरून त्यांनी भरघोस पीक काढलं आणि त्या खतांचा प्रचारही केला. पुढे हिशोब मांडताना त्यांच्या लक्षात आलं की पीक तेवढंच राहायला दर वर्षी खर्च मात्र वाढवावा लागतोय. तेव्हा त्यांनी एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. आधी खत, मग फवारा, मग नांगर, मग गवत उपटणं. सोडत सोडत ते जिथे पोचले तिथे त्यांनी एक देखणी मांडणी केली. झाडांच्या ओळी उंचवट्यावर, दोन ओळींच्या मध्ये चर, पाणी चरात आणि खोडापासून लांब. मुळांना पाणी शोधत बाहेर यावं लागतं, त्यामुळे ती पसरतात. चरात पडलेला पाला तिथेच कुजतो. झाडाला पाणी नको, ओल हवी, असा त्यांचा आग्रह होता, आणि आपल्या शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे कळतं, त्यामुळे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जपानचे नैसर्गिक शेती करणारे मासानोबू फुकुओका नव्वदच्या दशकात ही वाडी पाहून गेले आणि तिची त्यांनी तोंडभरून स्तुती केली. 2006 साली सावे यांनी एम. एस. स्वामीनाथन यांना खुली पत्रं लिहून हरित क्रांतीचा जाब विचारला. त्या पत्रांतला सूर कडवा आहे, त्यातल्या प्रत्येक शब्दाशी सहमत व्हायची गरज नाही. वाडी मात्र उभी होती, फळत होती, आणि तिच्यावरचा खर्च वर्षागणिक कमी होत गेला होता.

यावर तलासरीच्या डोंगराळ पाड्यावरचा माणूस म्हणेल की देहरीची जमीन किनाऱ्याची, विहिरीला पाणी, आणि एका माणसाने त्यात जन्म घातलेला. आमच्याकडे बोटभर मातीखाली मुरूम लागतो, आमचं काय? ही हरकत रास्त आहे आणि तिला बगल देऊ नये. सावे यांची झाडं उचलून मुरमाड टेकाडावर लावली तर ती मरतील. उचलायचा तो त्यांचा क्रम. ते झाडांची अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी अशी वाटणी करत. आधी काही महिन्यांत हाती येणाऱ्या भाज्या आणि शेंगा, त्यांच्या आधाराने पपई-केळीसारखी दोन-चार वर्षांची झाडं, आणि या सगळ्यांच्या सावलीत वाढणारा आंबा, नारळ, चिकू. पहिली दोन मंडळी माती झाकतात, तिसऱ्याला बळ येईपर्यंत घराला खायला घालतात आणि मग बाजूला होतात. मुरमावर केळीऐवजी शेवगा येईल, पपईऐवजी तूर, आणि कुंपणाला पांगारा किंवा गिरिपुष्पाच्या फांद्या. नुसती फांदी पावसात खोचली तरी गिरिपुष्प धरतं, आणि त्याचा पाला छाटून झाडाच्या बुडाशी टाकला की पुढल्या पावसात तिथली माती काळसर दिसायला लागते. नांगर न लावता, एक रुपया खर्च न करता हे होतं. फक्त तो पाला पेटवायचा नाही.

अल्पजीवींची सुरुवात तर त्याहून सोपी आहे, आणि ती बागकामाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अंगणाच्या कडेला न बोलावता दोन झाडं उगवतात, टाकळा आणि कुर्डू. शहरातून बोर्डीला बंगला बांधायला आलेला माणूस त्यांना तण म्हणून उपटतो आणि तिथे हिरवळीचे गालिचे अंथरतो, ज्यांना मग आठ महिने विहिरीचं पाणी पाजावं लागतं. पाड्यावरची बाई त्याच झाडांचे कोवळे शेंडे खुडून कांदा-मिरचीवर परतते. बागेचं पहिलं पीक तिच्या हाती बी पेरण्याआधी आलेलं असतं. पाठोपाठ रानातून शेवळं येतात, जी घशाला खाजू नयेत म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवावी लागतात. मग करटोली, भारंगी, बांबूचे कोंब. दारातल्या जमिनीत काय तगेल हे जाणून घ्यायला माती तपासण्याची घाई नको. एक पावसाळा काहीही न उपटता बघावं, कोण कुठे उगवतं, कोण कशाच्या सावलीला बसतं, पाणी साचतं तिथे कोण येतं आणि कोरडं राहतं तिथे कोण. उतावळ्या माणसाला हा सल्ला म्हणजे आळस वाटेल. पण ज्या जागेत आपल्याला पुढली वीस वर्षं काढायची तिला एक ऋतू बोलू द्यायला काय हरकत आहे?

आता दोन हरकती अशा, ज्या या विषयावर लिहिणारे बहुधा टाळतात. पाला जमिनीवर ठेवा म्हटलं की इथल्या माणसाच्या मनात पहिला विचार सापाचा येतो, आणि तो बरोबर आहे. मण्यार, घोणस, नाग, फुरसं हे सगळे इथे आहेत. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री घरात शिरलेली मण्यार चावते, हे या भागात ऐकीव भय नाही. सांडपाण्याच्या कडेला बाग करा म्हटलं की दुसरा विचार डासांचा, तोही बरोबर. याचं उत्तर पाड्याच्या रचनेतच आहे. वारली घराचं पुढचं अंगण शेणाने सारवलेलं, रोज झाडलेलं, चकचकीत असतं. तिथे भात वाळतो, पोरं खेळतात, माणसं बसतात. झाडोरा आणि पाचोळा त्या अंगणाच्या पलीकडे सुरू होतो. स्वच्छ जागा आणि कुजणारी जागा यांच्यात दहा पावलांचं अंतर असतं. मॉलिसन घराभोवतीच्या जागेचे जे पट्टे पाडतात त्यांत आणि यात फार फरक नाही. हाताशी मिरची, वांगं, गवती चहा. मांडवावर दोडका, घोसाळं, काकडी, वाल. जरा लांब शेवगा. बांधावर तूर. माळावर नागली आणि वरई. त्यापुढे मोह, टेंभुर्णी आणि साग असलेलं रान, जिथे आपण फक्त वेचायला जातो. पाचोळ्याचा थर झाडांच्या बुडाशी असावा, भिंतीला टेकू नये, आणि अंधारात तिथे हात घालू नये. पाण्याचं म्हणाल तर ते दिसता कामा नये. न्हाणीच्या तोंडाशी दगडगोटे आणि सुका पाला भरलेला खड्डा असला की पाणी थेट मुळांकडे जातं, डबकं होत नाही. कपड्यांच्या कडक साबणाचं पाणी मात्र त्यात सोडू नये, आणि कच्ची खायची पालेभाजी तिथे लावू नये.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे. तो असा की तुम्ही आदिवासींच्या गरिबीला शहाणपण म्हणता. केळ न्हाणीपाशी लावली कारण दुसरीकडे पाणीच नव्हतं, टाकळा खाल्ला कारण घरात दुसरं काही नव्हतं. यातला अर्धा भाग मी मान्य करतो. पाड्यावरची प्रत्येक रीत जमिनीच्या भल्याची आहे असंही नाही. भाताचं रोप टाकण्याआधी झाडांच्या फांद्या तोडून, पाला आणि शेण पसरून राब भाजतात. त्याने तण मरतं, रोप जोमाने येतं, पण आजूबाजूच्या ऐनाच्या झाडांची दर वर्षी खांडोळी होते, आणि जो पाला वर्षभर माती झाकू शकला असता तो एका संध्याकाळी धूर होतो. हे बदलायला हवं. शिवाय अंगणात काही लावायला नुसती जागा पुरत नाही, त्या अंगणावरचा आपला हक्क आणि आपला वेळ लागतो. 1945 च्या मे महिन्यात तलासरीतल्या झरी गावी वारली एकत्र जमले आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्याबरोबर त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. त्याआधी ऐन पेरणीच्या दिवसांत त्यांचे हात सावकाराच्या शेतात फुकट राबत होते. ज्या माणसाचा जून महिना त्याच्या मालकीचा नाही त्याला परसबाग कशी करायची हे शिकवणं क्रूरपणाच. तरीही गरजेपोटी सापडलेली युक्ती गरज संपली म्हणून खोटी ठरत नाही. शेजारच्याच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं आणि गोटे घेऊन मुलांना शिकवलं. महागडी साधनं नव्हती, हे कारण होतंच. पण ती पद्धत देशभर गेली ती स्वस्त म्हणून नाही, मुलं तिच्याने शिकत होती म्हणून.

वेळेचा तो प्रश्न आजही मिटलेला नाही, त्याने रूप बदललंय. भात झोडून झाला की इथली कितीतरी कुटुंबं घराला कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, पुरुष मासेमारीच्या बोटींवर जातात, आणि मेच्या शेवटी पावसाच्या तोंडावर परततात. न्हाणीचं पाणी बंद झालं की केळीचं बेट दोन महिन्यांत वाळतं. बायफ या संस्थेने 1982 साली दक्षिण गुजरातेत वांसद्याला सुरू केलेला आणि पुढे जव्हारकडे आलेला वाडी प्रकल्प याच प्रश्नाला भिडला होता. एकरभर जागेत आंबा आणि काजूची कलमं, कडेने जळणाची आणि चाऱ्याची झाडं, मधल्या जागेत नेहमीची पिकं. कलमं धरली तिथे लोकांना गावात राहायला कारण मिळालं. पण कलमं धरायची म्हणजे पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांच्या बुडाशी पुरलेली मडकी कुणीतरी भरत राहायची, आणि डोंगर उतरून ते पाणी आणलं ते बायांनी. या कष्टाचा हिशोब धरल्याशिवाय बागेचे गोडवे गाणं मला पटत नाही.

म्हणून डिसेंबर ते मे कुलूप असलेल्या घराची बाग कशी असावी, हा मला या साऱ्या विषयातला सगळ्यात खरा प्रश्न वाटतो. पर्माकल्चरच्या पुस्तकांत घरात माणूस बारा महिने असतो असं धरलेलं असतं. इथल्या रानात मात्र अशा वनस्पती भरपूर आहेत ज्या उन्हाळ्यात दिसतच नाहीत. शेवळाचा कंद आठ महिने मातीखाली पडून असतो. करटोलीचा वेल वाळून जातो, गाठ जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला फुटते. फक्त तिच्यात नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा, म्हणून फळ न देणारा वेल निरुपयोगी समजून खणून टाकू नये. सुरण, हळद, कोनफळ हे सगळे याच जातकुळीतले. घराच्या खालच्या अंगाला, चराच्या काठाने असे कंद, त्यांच्यावर पाल्याचा जाड थर, कुंपणाला शेवगा आणि गिरिपुष्प, एवढी बाग पाणी न मागता उन्हाळा काढू शकेल, आणि परतलेल्या माणसाला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ताटात काहीतरी देईल. तिने भट्टीची वाट बंद होणार नाही. त्यासाठी टेकाडाच्या माथ्यापासून खालच्या ओहळापर्यंत साऱ्या पाड्याने मिळून पाणी अडवावं लागेल, आणि ते काम एका घराच्या दहा पावलांत मावत नाही.